सांध्यात राहणारा दोष

दोष कोठे राहतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी बहुधा माणसाच्या संदर्भात विचारला आहे: तो बुद्धीत असतो की इंद्रियांत, देहात असतो की पूर्वकर्माच्या साठ्यात. यंत्राबाबत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण यंत्रातला बिघडलेला भाग सापडतो आणि तो बदलला की काम भागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत ज्या थोड्या बिघाडांपुढे टिकत नाही, त्यांत मालवाहू पिकअपच्या ढिल्या स्टेअरिंगची गणना करावी लागेल. विश्रांतवाडीच्या चौकात आळंदी, धानोरी, येरवडा आणि लोहगावचा विमानतळ या दिशांचे रस्ते एकत्र येतात, आणि त्यांवरून भाजी, सिमेंट, फर्निचर, पाण्याचे जार वाहणाऱ्या पिकअप दिवसभर ये-जा करतात. त्यांतल्या एखाद्या जुन्या गाडीचा चालक गॅरेजमध्ये तक्रार घेऊन येतो तेव्हा तो ‘स्टेअरिंगला प्ले आलाय’ असे तरी म्हणतो किंवा ‘गाडी हातात राहत नाही’ असे तरी म्हणतो. पहिल्या वाक्यात दोष एका भागाच्या नावावर लागतो, दुसऱ्यात तो सबंध गाडीच्या नावावर लागतो, आणि गाडीखाली शिरून पाहिले तर हे दोन्ही पत्ते चुकीचे ठरतात.

प्ले म्हणजे स्टेअरिंगचे चाक फिरवू लागल्यापासून पुढची चाके प्रत्यक्ष वळू लागेपर्यंत जे फिरणे फुकट जाते ते. चालकाच्या हातापासून रस्त्यापर्यंत एक लांबलचक साखळी असते. टाटा 407 सारख्या, पुढे आडवा अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाडीत ती साधारण अशी: चाकाखालचा दांडा, त्याला मध्येच वाकू देणारा क्रॉस जॉइंट, मग स्टेअरिंग बॉक्स, ज्याच्या आत मळसूत्रासारखा वर्म आणि त्याच्या हालचालीने थोडा थोडा फिरणारा दातेरी सेक्टर असतो, बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, तिने ओढला-ढकलला जाणारा एका चाकाचा नकल, त्या नकलला दुसऱ्या चाकाशी बांधून ठेवणारा टाय रॉड, दोन्ही टोकांना त्याचे ‘एंड’, नकल ज्याभोवती फिरतो ती किंगपिन, तिचे बुश आणि अखेरीस चाकाचे बेअरिंग. या प्रत्येक जोडणीत झिजेने केसाएवढी फट पडते. कुठलाही एक भाग काढून हातात घेतला तर ‘अजून चालेल’ असाच शेरा त्याला मिळतो. चालकाच्या हाती मात्र या सगळ्या फटींची बेरीज येते, आणि ती सरळ बेरीजही नसते. बॉक्सचे गुणोत्तर 20 ला 1 असेल, तर ड्रॉप आर्मपाशी असलेली 1 अंशाची ढिलाई वर चाकावर 20 अंशांची होऊन पोहोचते.

येथे ज्या जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे, तो वाद रथाचाच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटतो, आणि नागसेन त्याला विचारतो की ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे नेमके काय. दांडी हा रथ का, आस हा रथ का, चाके हा रथ का, की या साऱ्यांचा समुदाय. प्रत्येक प्रश्नाला नकार देत राजा अखेरीस या निष्कर्षावर येतो की रथ हे या भागांच्या आधाराने व्यवहारापुरते वापरले जाणारे नाव आहे, आणि नागसेन तोच न्याय ‘नागसेन’ या व्यक्तीलाही लावतो. धर्मानंद कोसंबी यांनी 1912 ते 1918 या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, तेव्हा हे वाङ्मय मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आले; पण 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नागसेनाचा रथ विद्वानांपुरता राहिला नाही, आणि विश्रांतवाडीसारख्या, बौद्ध वस्ती आणि विहार असलेल्या भागात तो आज घरचाच दृष्टान्त आहे.

नागसेनाचा युक्तिवाद नावाच्या मोहातून सोडवण्यासाठी आहे आणि त्या कामी तो अचूक आहे. परंतु त्याच्या यादीकडे गॅरेजच्या बाजूने पाहिले, तर एक गोष्ट खटकते: तीत वस्तू आहेत, वस्तूंना धरून ठेवणाऱ्या जोडण्या वेगळ्या मोजलेल्या नाहीत. फरशीवर पसरलेले सर्व भाग आणि उभी असलेली गाडी यांत भागांच्या संख्येचा फरक नसतो. मग ज्याचा फरक असतो ते काय, हा प्रश्न नैयायिक आणि वैशेषिक यांनी चिकाटीने चर्चिला. न्यायशास्त्राच्या ज्या संज्ञांचा कोश भीमाचार्य झळकीकर यांनी रचला आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 साली काढली, त्या संज्ञांत सांगायचे तर कार्याची कारणे तीन प्रकारची असतात. ज्यात कार्य राहते ते समवायी कारण, जसे कापडाला तंतू. त्या तंतूंचा परस्परांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, धोटा वगैरे बाहेरून साह्य करणारे ते निमित्त कारण. संयोग हा या मतानुसार चोवीस गुणांपैकी एक गुण आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की तो एकट्या वस्तूत राहू शकत नाही, जोडल्या गेलेल्या दोहोंवर मिळून राहतो.

ही मांडणी पिकअपला लावली की चालकाच्या तक्रारीचा पत्ता सापडतो. पोलाद शाबूत आहे, म्हणजे समवायी कारणात दोष नाही. चालक सावध आहे, म्हणजे निमित्तात दोष नाही. दोष संयोगात आहे, आणि संयोग दोघांचा असल्यामुळे तो एंडमधल्या बॉलच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही आणि त्या बॉलला धरणाऱ्या वाटीच्याही मारता येत नाही. झिजलेला एंड मिस्त्री काढून टाकतो तेव्हा तो जे टाकतो ते खरे तर एक बिघडलेले नाते असते. भाग टाकावा लागतो तो नाते वेगळे काढून बदलण्याची सोय नसते म्हणून. संयोग एकतर असतो किंवा नसतो, मग ढिला संयोग ही काय चीज, असा आक्षेप कोणी घेईल. पण वैशेषिकांना ही अवस्था अपरिचित नव्हती. पिंजलेल्या कापसाचे वजन तेवढेच राहूनही आकारमान का वाढते, याचे कारण म्हणून त्यांनी शिथिल संयोग मानला आहे आणि त्याला ‘प्रचय’ असे नावही दिले आहे. कापसाच्या गादीला जे हवे असते तेच टाय रॉडला नको असते, एवढाच फरक.

कठोपनिषदातला रथ याहून अधिक प्रसिद्ध आहे. त्यात आत्मा हा रथी, देह हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे, आणि रथ भलतीकडे गेला तर कारण सारथ्याच्या अविवेकात किंवा बेलगाम घोड्यांत शोधायचे. नीतीच्या उपदेशाला हे चित्र पुरते. मात्र सारथी शहाणा आणि घोडे आज्ञाधारक असूनही रथ भरकटतो अशी तिसरी शक्यता त्यात पुरेशी उघडी राहत नाही, आणि ढिल्या स्टेअरिंगचा विषय नेमका या तिसऱ्या शक्यतेचा आहे.

दोष नात्यात राहतो असे म्हटले की तो शोधायचा कसा, ही अडचण उभी राहते, कारण नाते डोळ्यांना दिसत नाही. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी ‘शेषवत्’ या प्रकाराचा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायन असा करतात की संभाव्य पर्याय एकेक करून बाद करत गेल्यावर जो उरतो तो स्वीकारायचा. यालाच परिशेष अनुमान म्हणतात. चांगला मिस्त्री नेमके हेच करतो. गाडी चाकांवर उभी असताना तो हेल्परला वर बसवून स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे जेमतेम दोन बोटे हलवत राहायला सांगतो आणि स्वतः खाली आडवा होऊन प्रत्येक जोडणीवर तळहात ठेवत जातो, असा की अर्धा तळवा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर. जिथे दोन्ही भाग एकदमच हलतात तो सांधा बाद. जिथे एक हलतो आणि दुसरा क्षणभर मागे राहतो, तिथे हाताला टक् अशी बारीक ठेच लागते, आणि बहुतेक वेळा तिथले रबरी टोपण फाटलेले, आतले ग्रीस वाळून त्यात धुळीचा लगदा झालेला असतो. स्पर्शाने इतके बारीक ज्ञान होते, ही गोष्ट प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी पाहणे असे धरून चालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

पुढची परीक्षा याहून सुंदर आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले आणि ते हलले, तर कारण किंगपिनचे बुश असू शकते किंवा चाकाचे बेअरिंग असू शकते. दोन्हींचे लक्षण हातात सारखेच येते. मग हेल्परला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ब्रेकने चाकाचा हब नकलशी जखडला जातो, त्यामुळे बेअरिंगची ढिलाई त्या वेळेपुरती लोप पावते. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, न थांबता चालूच राहिले तर किंगपिनचा. कारण असताना कार्य असणे हा अन्वय आणि कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक, या दोन कसोट्यांवर कारण सिद्ध होते असे तर्कशास्त्र सांगते. धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबलेल्या पाठ्यपुस्तकांना हे उदाहरण सहज घेता येईल.

या शोधाला कंटाळलेल्यांसाठी एक आडवाट आहे. स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावर एक समायोजनाचा स्क्रू आणि त्यावर लॉक नट असतो. नट सैल करून स्क्रू थोडा आवळला की वर्म आणि सेक्टर जवळ येतात आणि चालकाला हातात प्ले कमी झाल्याचे तत्काळ जाणवते. पैसे कमी लागतात, वेळ दहा मिनिटांचा, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ जात असते, त्यामुळे बॉक्समधले दाते मधल्या जागी सर्वांत जास्त झिजलेले आणि दोन्ही कडांना जवळपास कोरे असतात. मधली फट भरून काढण्याइतका स्क्रू आवळला तर वळणावर ते कोरे दाते एकमेकांत रुततात, स्टेअरिंग जड होते आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येण्याची चाकांची प्रवृत्तीही मंदावते. शिवाय दोष जर टाय रॉडच्या एंडमध्ये असेल तर तो जिथल्या तिथेच राहतो. दुःख जिथे जाणवते तिथेच त्याचे कारण आहे असे धरून उपचार करण्याची ही चूक आहे, आणि बौद्ध परंपरेने दुःख व दुःखाचा समुदय, म्हणजे त्याची उत्पत्ती, ही दोन वेगवेगळी आर्यसत्ये म्हणून का सांगितली, हे त्या एका स्क्रूवरून ज्यांना पटेल त्यांची संख्या प्रवचनातून पटणाऱ्यांपेक्षा कदाचित अधिक भरेल.

दोषाचे स्थान ठरले तरी त्याचे उत्तरदायित्व ठरत नाही. समजा, अशी एक पिकअप चौकाच्या वळणावर अपेक्षेपेक्षा हातभर बाहेर गेली आणि कोणाला तरी लागली. तर ते कृत्य कोणाचे? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. पाच कारणे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा गीतेचा पुढचा मुद्दा आहे. ज्ञानेश्वरीतही या पाचांचे विस्ताराने विवरण आलेले आहे. ‘मी एकटा कर्ता नाही’ या वाक्याचा आध्यात्मिक उपयोग अहंकार उतरवण्यासाठी आहे. व्यवहारात मात्र ते वाक्य अपघातानंतर सर्वांच्या तोंडी येते. मालक चालकाकडे बोट दाखवतो, चालक गाडीकडे, मिस्त्री मालकाच्या कंजूषपणाकडे, आणि ज्याच्याकडे बोट दाखवायला कोणी उरत नाही तो पाचव्या कारणाकडे. शंकराचार्यांनी या ठिकाणी दैवाचा अर्थ इंद्रियांना साह्य करणाऱ्या देवता, जसा डोळ्याला आदित्य, असा केला आहे. त्या अर्थाने घेतले तर पाचवे कारण पळवाट म्हणून मुळी उपलब्धच होत नाही, कारण आदित्याने उजेड दिलेला होता आणि त्या उजेडात फाटलेले टोपण दिसण्यासारखे होते.

कायद्याने हा प्रश्न दर्शनशास्त्रापेक्षा थोडक्यात सोडवला आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 190 प्रमाणे सदोष वाहन चालवणारा, तसेच ते चालवण्यास लावणारा किंवा चालवू देणारा, हे सर्व दोषी ठरू शकतात, आणि दोष त्यांना ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. साधारण काळजी घेतली असती तर तो कळला असता, एवढे पुरते. न्यायालयांनीही यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्यावर असा भार टाकला आहे की दोष सुप्त होता आणि योग्य काळजी घेऊनही तो ध्यानात येण्याजोगा नव्हता, हे त्याने दाखवावे. अज्ञान दोन प्रकारचे असते, एक टाळता न येणारे आणि एक पोसलेले, हा भेद येथे कायद्याने मान्य केला आहे, आणि नैतिक दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. सांध्यातला दोष दोघांचा असतो म्हणून तो कोणाचाच नाही, असे अनुमान काढणे हा तर्कदोष आहे. त्यातून निघते ते इतकेच की त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्यांनी तो हात लावून पाहायचा असतो. तीन एंड गेलेले असताना मालकाने एकाचेच पैसे दिले, तर मिस्त्रीला उरलेले दोन फुकट बदलण्याचे बंधन नाही. पण ते गेले आहेत हे मालकाला आणि, मालकाला सांगून भागत नसेल तर, गाडी चालवणाऱ्याला सांगण्याचे आहे.

उरतो तो श्रद्धेचा भाग. दसऱ्याला गाडी धुऊन, तिला झेंडूचा हार घालून, हळदकुंकू लावून तिची पूजा होते. शनिवारी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान ठेवून आळंदीहून निघालेली माउलींची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्याकडे जाते तेव्हा दिंड्यांचा तंबू, शिधा आणि भांडी वाहणारे ट्रक, टेम्पो आणि पिकअप त्याच वारीचा भाग असतात, आणि त्यांच्या चालकांची माउली सांभाळून घेईल ही निष्ठा खोटी नसते. या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते उत्तर उथळ आहे. मीमांसकांचा एक नियम याहून उपयोगी पडतो: दिसणारे कारण किंवा दिसणारे फळ उपलब्ध असेल तिथवर न दिसणारे कल्पू नये. वैशेषिकांनीही अदृष्टाची मदत घेतली ती लोहचुंबकाकडे सुई का ओढली जाते यासारख्या, त्यांच्या काळी दृष्ट कारण हाती नसलेल्या घटनांसाठी. म्हणजे परंपरेच्या स्वतःच्या शिस्तीप्रमाणे शनी, नजर किंवा नशीब यांची पाळी एंड, किंगपिन, बेअरिंग आणि बॉक्स यांच्यानंतर येते. ज्याने खाली शिरून हे चार पाहिले नाहीत आणि लिंबू बांधले, त्याचे चुकते ते क्रमात.

क्रम पाळणाऱ्याच्या पूजेला मग वेगळा अर्थ येतो. दिंडीच्या गाडीचे काम आळंदी सोडण्याआधी व्हावे लागते, कारण पुण्यापर्यंतच्या गर्दीत गाडी पावलापावलाने चालते आणि त्या वेगात कितीही प्ले असला तरी तो जाणवत नाही. तो जाणवतो पुण्यानंतर सासवडच्या वाटेवर, दिवे घाटाच्या वळणांवर, आणि तिथे एंड बदलायला गॅरेज नसते. दसऱ्याचेही तसेच: हत्यारे पूजेला मांडल्यावर त्या दिवशी पाना उचलायचा नाही अशी प्रथा अनेक गॅरेजांत पाळली जाते, तेव्हा निघायची कामे नवरात्रातच काढावी लागतात.

एक प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. अजिबात ढिलाई नसलेला सांधा असत नाही; फिरणाऱ्या दोन भागांत ग्रीसपुरती जागा ठेवावीच लागते, ती नसेल तर सांधा जाम होतो. म्हणजे ढिलाई असणे हा दोष नव्हे, ती एका मर्यादेपलीकडे जाणे हा दोष, आणि ती मर्यादा वस्तूत कोरलेली नसते, कोणाला तरी ठरवावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या नियम 98 ने ती स्टेअरिंगच्या चाकावर 30 अंश अशी ठरवली आहे, आणि त्याच नियमात बॉल जॉइंटांना रबरी टोपणे असावीत व बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात असेही सांगितले आहे. 40 सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर 30 अंश म्हणजे जवळजवळ साडेदहा सेंटीमीटर होतात, अर्ध्या वितीला थोडेच कमी. कोणताही अनुभवी चालक याच्या निम्म्या ढिलाईलाही गाडी घाटात न्यायला नाखूश असतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, पण ते प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीच्या गाडीचे असते. त्या दिवशी 28 अंश प्ले असलेली गाडी कायद्याने निर्दोष ठरते. पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यांतून आणि वाढीव मालाखालून जाताना ती कोणत्या दिवशी सदोष झाली, हे सांगणारी रेषा कोणत्याही दर्शनात किंवा नियमात नाही, आणि त्या मधल्या काळात तिचा प्ले मोजण्याचे काम रोज स्टेअरिंगवर बसणाऱ्याच्या हातांकडेच राहते.